एकाच पत्त्यामागे दहा लॅपटॉप: नॅट आणि एनएफएसची परवानगी

लॅबमध्ये नवीन आलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "डेटा सगळा सर्व्हरवर आहे, माउंट करून घे." तुम्ही एक कमांड चालवता आणि काही टेराबाइट डेटा तुमच्याच लॅपटॉपवर असल्यासारखा दिसायला लागतो. यामागे बहुतेक ठिकाणी एनएफएस असतं, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास आणलेली ही व्यवस्था आजही इतकी निमूटपणे चालते, की सर्व्हरने आपल्याला ओळखलं कसं, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

आमच्याकडे तो पडला एका गायब झालेल्या फोल्डरमुळे. एका मैत्रिणीने चार महिने बसून हाताने लेबल केलेल्या फाइली एका सकाळी जागेवर नव्हत्या. सर्व्हरवर कुणी घुसलं नव्हतं, पासवर्ड फुटला नव्हता. लॅबमधल्याच एका मुलाने आपल्या लॅपटॉपवरून "जुना कचरा" म्हणून ते फोल्डर उडवलं होतं. सर्व्हरने त्याला अडवलं नाही, कारण सर्व्हरच्या लेखी ते फोल्डर त्याचंच होतं. शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. तीन आठवड्यांचं लेबलिंग तिने पुन्हा केलं.

हे कसं शक्य झालं, ते समजून घेतलं तर तुमच्या लॅबचा सर्व्हर तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिनक्स सर्व्हरवर एट्सी डिरेक्टरीत एक्सपोर्ट्स नावाची फाइल असते. तिच्यातली ओळ साधारण अशी दिसते (वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थात रोमनच लागतं):

/डेटा १९२.०.२.१०(आरडब्ल्यू,रूट_स्क्वॉश)

अर्थ सरळ आहे: १९२.०.२.१० या पत्त्यावरून येणाऱ्याला डेटा डिरेक्टरी वाचू द्या, लिहू द्या, पण तिथल्या रूटला इथे रूट मानू नका. जाता जाता, या ओळीत पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली, तर अर्थ पार बदलतो. मग त्या पत्त्याला नेहमीचे डिफॉल्ट अधिकार मिळतात आणि कंसातले अधिकार उरलेल्या सगळ्या जगाला. ही चूक मी दोन ठिकाणी प्रत्यक्ष पाहिली आहे. आधी आपली फाइल तपासा, मग पुढे वाचा.

बरं, या ओळीत माणसाचं नाव कुठे आहे? कुठेच नाही. ओळ फक्त "कुठून आलास" एवढंच विचारते. "कोण आहेस" हा प्रश्न पुढे, प्रत्येक विनंतीच्या वेळी येतो, आणि त्याचं उत्तर क्लायंट स्वतःच देतो. एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत, जिला ऑथ-सिस म्हणतात, क्लायंट आपला यूआयडी, जीआयडी आणि जास्तीत जास्त १६ ग्रुपांची यादी पाठवतो. सर्व्हर ती खरी मानतो. पासवर्ड नाही, सही नाही, काही नाही.

सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे हे. त्याच्याकडे गाड्यांच्या नंबरांची यादी. नंबर जुळला की फाटक उघडतं. आत गेल्यावर "मी तिसऱ्या मजल्यावरचा देशपांडे" असं जो म्हणेल त्याला देशपांड्यांची किल्ली मिळते. गाडीत खरोखर देशपांडेच बसलेत, हे गाडीवाल्याने बघायचं.

हे ऐकून हसू येतं, पण ज्यांनी ही पद्धत बनवली ते मूर्ख नव्हते. त्यांच्या काळात नेटवर्कवरचं प्रत्येक वर्कस्टेशन संस्थेचं असायचं आणि रूटचा पासवर्ड फक्त ॲडमिनकडे. यूआयडी सगळीकडे एकाच यादीतून दिलेले. शिवाय युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला वापरता येतात. तेव्हा विनंती अशा पोर्टवरून आली, तर ती यंत्राच्या कर्नलनेच पाठवली असणार, कुण्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमने नाही, असा हिशोब. एक्सपोर्ट्समधला "सिक्युअर" हा पर्याय हेच तपासतो, आणि तो न सांगताही चालू असतो. नाव मोठं, काम एवढंच.

पत्त्यावर विश्वास ठेवण्यातला धोका तेव्हाही कळलेला होता. स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ मध्ये टीसीपी/आयपीमधल्या सुरक्षेच्या अडचणींवर जो निबंध लिहिला, त्यात पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळख पटवण्यावर चांगलीच टीका आहे. नेटवर्कवर संशोधन करायचं असेल तर तो निबंध वाचाच. भाषा सोपी आहे आणि तीस-पस्तीस वर्षांनंतरही त्यातलं बरंच लागू पडतं.

मग आलं नॅट. पत्ते कमी पडायला लागले, म्हणून एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रं दडवायची ही युक्ती. १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये ती मांडली गेली. १९२.१६८ आणि १० ने सुरू होणारे जे खासगी पत्ते तुम्ही रोज बघता, ते आज ज्या रूपात वापरतो ते १९९६ च्या आरएफसी १९१८ मधले. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, गरज पडली तर पोर्टही बदलतो, आणि उत्तर परत आलं की आपल्या तक्त्यात बघून योग्य यंत्राकडे पाठवतो.

आपल्याकडच्या लॅबमध्ये हे असं घडतं: भिंतीवर लॅनचा पॉइंट एकच, मुलं दहा. कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्या पॉइंटला लावतं. ॲडमिनकडून राउटरचा पत्ता एक्सपोर्ट्समध्ये घालून घेतला जातो. वॉचमनच्या उपमेतच सांगायचं तर आता सगळे एकाच एसटीने येतात, आणि यादीत एसटीचा नंबर आहे.

आता आमचं फोल्डर. उबंटू इन्स्टॉल केलं की पहिल्या युजरला यूआयडी १००० मिळतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ती १०००. त्या मुलाच्या लॅपटॉपवर तो १०००. पत्ता दोघांचा एकच, कारण मध्ये राउटर. सर्व्हरच्या दृष्टीने १९२.०.२.१० या एका यंत्रावर १००० नावाचा एकच माणूस होता, त्याने फाइली बनवल्या आणि त्यानेच उडवल्या. लॉग पाहून ती कोण आणि तो कोण हे सांगता येत नव्हतं. त्या मुलाने स्वतः कबूल केलं म्हणून कळलं.

नीट बघा, यूआयडीचा घोळ नॅटशिवायही झाला असता. पण तेव्हा निदान दोन पत्ते असते, एकाला वाचायची आणि दुसऱ्याला लिहायची परवानगी देता आली असती, आणि कुणाच्या यंत्रावरून काय झालं हे शोधता आलं असतं. नॅटने तेवढीही सोय काढून घेतली.

पोर्टचा गोंधळ

नॅटमागून माउंट करणाऱ्यांना बहुधा पहिला झटका वेगळाच बसतो. पत्ता यादीत आहे, तरी सर्व्हर "ॲक्सेस डिनाइड" म्हणतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये माउंटडीची तक्रार दिसते: "इल्लीगल पोर्ट". कारण क्लायंटने विनंती आठशे-नऊशेच्या पोर्टवरून पाठवली होती, पण नॅटने ती बाहेर काढताना पन्नास हजारांच्या घरातला पोर्ट लावला. सिक्युअरची अट मोडली.

गंमत अशी की हे प्रत्येक नॅटवर होत नाही. लिनक्सवरचं मास्करेड शक्यतो मूळ पोर्ट तसाच ठेवतं, आणि बदलावा लागलाच तर ५१२ ते १०२३ मधल्या पोर्टला १०२४ च्या खालचाच दुसरा पोर्ट देतं. म्हणून एका राउटरमागून चालतं आणि दुसऱ्यामागून नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये मात्र लिनक्सवर हे चालण्याची शक्यताच नाही. तिथे पाहुण्या यंत्राची जोडणी यजमान यंत्रावरचा एक साधा प्रोग्रॅम आपल्या नावाने उघडतो, आणि रूट नसलेल्या प्रोग्रॅमला १०२४ च्या खालचा पोर्ट मिळत नाही.

इथे लोक नेटवर शोधतात, "इनसिक्युअर" हा पर्याय सापडतो, तो घालतात, माउंट होतं, सगळे खूश. तुम्हीही घालाल. घालू नका असं मी म्हणणार नाही, पण काय सोडलं ते माहीत असू द्या. स्वतःच्या लॅपटॉपवर प्रत्येकजण रूट असतोच, तिथे सिक्युअरमुळे काहीच वाचत नव्हतं. सामायिक यंत्रावर, जिथे पंधरा जण लॉगिन करतात आणि रूट कुणीच नाही, तिथे मात्र ती अट खरी कामाची होती. इनसिक्युअर घातल्यावर त्यातला कुठलाही साधा युजर एनएफएस बोलणारा छोटा प्रोग्रॅम लिहून हवा तो यूआयडी पाठवू शकतो. त्यासाठी युजरच्या पातळीवर चालणाऱ्या तयार लायब्ररी मिळतात, कर्नलला हातही लावावा लागत नाही.

एकाच नावाची दोन यंत्रं

दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण तो परवानगीचा प्रश्न वाटतच नाही. एनएफएसच्या आवृत्ती ४ मध्ये सर्व्हर प्रत्येक क्लायंटची उघड्या फाइली आणि लॉक यांची नोंद ठेवतो, आणि त्यासाठी क्लायंट स्वतःचं एक ओळखनाव पाठवतो. लिनक्सचा क्लायंट हे नाव मुख्यतः होस्टनेमवरून बनवतो. आता तुम्ही एक व्हर्च्युअल मशीन बनवून तिच्या सहा प्रती काढल्या आणि सगळ्यांचं होस्टनेम "उबंटू" राहिलं, तर? दुसरी प्रत माउंट करायला आली की सर्व्हरला वाटतं पहिलीच यंत्रणा रीबूट होऊन परत आली. मग तो पहिलीचं सगळं सोडून देतो. पहिली दचकून पुन्हा नोंद करते, तेव्हा दुसरीचं जातं. अशी रस्सीखेच. प्रयोग मध्येच अडकतात, लॉक नाहीसे होतात, आणि तुम्ही दोन रात्री स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत बसता.

नॅट नसेल तर ॲडमिन पत्ते बघून ओळखू शकतो की ही दोन वेगळी यंत्रं आहेत. नॅटमागे पत्ताही एक, नावही एक. उपाय सोपा आहे: प्रत्येक यंत्राला वेगळं होस्टनेम द्या, किंवा एनएफएस मॉड्यूलचा "एनएफएस४_युनिक_आयडी" हा पॅरामीटर प्रत्येकावर वेगळा ठेवा.

आवृत्ती निवडतानाही ४.१ किंवा पुढचीच घ्या. आवृत्ती ३ मध्ये लॉकसाठी, आणि ४.० मध्ये डेलिगेशनसाठी, सर्व्हरला क्लायंटकडे उलटी जोडणी करावी लागते. ती नॅट ओलांडून आत पोचत नाही. ४.१ मध्ये हे सगळं क्लायंटने उघडलेल्या त्याच जोडणीवरून होतं, आणि फायरवॉलमध्ये फक्त २०४९ हा एक पोर्ट पुरतो.

सर्व्हरला खरंच काही कळत नाही का?

थोडं कळतं. कर्नल ५.३ पासून सर्व्हरवरच्या प्रॉक डिरेक्टरीत एनएफएसडीखाली क्लायंट्स नावाचं फोल्डर असतं. आवृत्ती ४ च्या प्रत्येक क्लायंटचा पत्ता, पोर्ट आणि त्याने सांगितलेलं ओळखनाव तिथे मिळतं. राउटरमागे किती यंत्रं जोडलेली आहेत याचा अंदाज यावरून घ्या. पण नाव क्लायंटनेच सांगितलेलं आहे, हे विसरू नका.

बेलोविन यांचाच २००२ चा आणखी एक निबंध याच प्रश्नाला भिडतो: आयपी पॅकेटमधल्या ओळख-क्रमांकाच्या मालिका वेगळ्या करून नॅटमागे किती यंत्रं आहेत हे मोजणं. अनेक यंत्रं तेव्हा हा क्रमांक एकेकाने वाढवत जायची, म्हणून ते जमत होतं. वाचायला सुंदर आहे, पण मोजणं आणि ओळखणं यातला फरक लक्षात घ्या. मागे सात यंत्रं आहेत हे कळलं, तरी सातव्याला अडवून सहांना सोडायचं कसं, हे त्यातून मिळत नाही. संशोधनात हा फरक पुष्कळदा पुसला जातो. "आम्ही क्लायंट वेगळे करू शकतो" असं लिहिलेलं दिसलं, की विचारा: शत्रूने मुद्दाम खोटं बोललं तरी?

मग करायचं काय

सर्वात आधी, आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखं: राउटरच्या पत्त्याला लिहायची परवानगी काढा. "आरओ,ऑल_स्क्वॉश" ठेवा, म्हणजे कुणी कुठलाही यूआयडी सांगितला तरी सर्व्हर त्याला अनोळखी पाहुणाच धरेल आणि सगळ्यांना वाचायला खुल्या असलेल्या फाइलीच दिसतील. लिहायचं असेल त्याने तोवर एसएसएचने फाइल पाठवावी. थोडी कुरकुर होईल.

मग राउटरकडे बघा. त्याला नॅट करायची गरज आहे का? बहुतेक घरगुती राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये चालतात. तसं केलं आणि संस्थेने प्रत्येक लॅपटॉपला पत्ता दिला, तर नॅटच संपतं. मात्र लॅनवर कुणीही दुसऱ्याचा पत्ता हाताने घालू शकतो. तेव्हा यातून हिशोब सुधारतो, सुरक्षा नाही.

शास्त्रशुद्ध उत्तर म्हणजे कर्बेरॉस. एक्सपोर्ट्समध्ये "सेक=केआरबी५पी" लिहिलं की यूआयडीच्या शब्दावर विश्वास संपतो. प्रत्येक माणूस टिकीट घेऊन येतो, सर्व्हर ते तपासतो, आणि वाहतूकही एन्क्रिप्ट होते. पत्ता कुठलाही असो. पूर्वी कर्बेरॉसच्या टिकिटात क्लायंटचा पत्ता लिहिलेला असायचा आणि नॅटमागून तीही बोंब व्हायची, पण एमआयटीच्या आवृत्तीत आता डीफॉल्टने पत्त्याशिवायच टिकीट मिळतं. अडचण वेगळी आहे. टिकीट काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात संपतं. तुमचं मॉडेल तीन दिवस ट्रेन होत असेल तर मध्यरात्री लिहायची परवानगी जाते. नूतनीकरणाची सोय करता येते, पण ती करणारा, कर्बेरॉसचा सर्व्हर सांभाळणारा, घड्याळं जुळवणारा माणूस लागतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की टिकीट नाकारलं जातं. संस्थेत हे आधीपासून असेल तर दुसरा विचार करू नका. नसेल, तर दहा जणांच्या लॅबने केवळ यासाठी उभारू नये, असं माझं मत.

एनएफएसवर टीएलएस हा नवा मार्ग आहे. २०२२ चा आरएफसी ९२८९ त्याचा, आणि लिनक्सच्या ६.४-६.५ पासूनच्या कर्नलमध्ये तो आला आहे. "एक्सपीआरटीसेक=एमटीएलएस" ठेवलं तर सर्टिफिकेट असलेल्या यंत्रालाच प्रवेश. पण यंत्र ओळखीचं ठरलं तरी यूआयडी ते सांगेल तोच. आमचं फोल्डर यानेही वाचलं नसतं.

आम्ही शेवटी केलं ते असं. सर्व्हरवर वायरगार्ड बसवलं. प्रत्येक लॅपटॉपला स्वतःची किल्ली आणि बोगद्यातला स्वतःचा पत्ता. वायरगार्डमध्ये पत्ता किल्लीला बांधलेला असतो. अनघाच्या किल्लीने आलेल्या पॅकेटवर दुसऱ्या कुणाचा पत्ता असेल तर ते तिथेच टाकून दिलं जातं. बाहेर राउटरने काहीही अदलाबदल करू दे, आतला पत्ता तसाच राहतो. पोर्टही, म्हणून इनसिक्युअर काढून टाकता आलं. नॅटमागचं दार उघडं राहावं म्हणून लॅपटॉपवर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंदांवर ठेवलं. मग एक्सपोर्ट्समध्ये माणशी एक ओळ:

/डेटा/अनघा १०.८.०.११(आरडब्ल्यू,ऑल_स्क्वॉश,अनॉनयूआयडी=२०११,अनॉनजीआयडी=२०११)
/डेटा/सामायिक १०.८.०.०/२४(आरओ,ऑल_स्क्वॉश)

खरा जोर आहे तो अनॉनयूआयडीचा. अनघाच्या लॅपटॉपवरून कुणीही, कुठलाही यूआयडी सांगत आलं, तरी सर्व्हरवर ते २०११ च होतं. १००० चा घोळ मुळातूनच गेला. प्रत्येकाचं फोल्डर ७०० परवानगीवर ठेवा. एकाच फाइल सिस्टिममधल्या उपडिरेक्टऱ्या वेगवेगळ्या वाटल्या, तर फाइल हँडलचा अंदाज बांधून कुणी शेजारच्या डिरेक्टरीत पोचू शकतं, कारण सबट्रीची तपासणी डीफॉल्टने बंद असते. तिथे ही ७०० परवानगी काही प्रमाणात आडवी येते. आणि फायरवॉलमध्ये २०४९ फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवर उघडा. नाहीतर एवढं करून मागचं दार उघडंच.

मर्यादा सांगतो. ही व्यवस्था एक लॅपटॉप म्हणजे एक माणूस असं धरून चालते. सामायिक जीपीयू यंत्रावर पंधरा जण लॉगिन करत असतील तर ऑल_स्क्वॉश उपयोगाचं नाही. ते यंत्र ॲडमिनच्या ताब्यात, ठरलेल्या यूआयडींसह आणि नॅटशिवाय ठेवावं लागतं. आणि लॅपटॉप चोरीला गेला तर त्याची किल्ली लगेच काढावी लागते, तेव्हा ती यादी कोणाकडे आहे हे ठरवून ठेवा.

"एवढं करण्यापेक्षा साम्बा वापरा ना," असं कुणी म्हणेल. साम्बात माणूस पासवर्डने ओळखला जातो, त्यामुळे मुद्दा रास्त आहे. पण पत्त्यावरून अंदाज बांधायची खोड तिथेही होती. जुना विंडोज २००३ सर्व्हर नवी जोडणी आली की त्याच पत्त्यावरच्या जुन्या जोडण्या मारून टाकायचा, यंत्र रीबूट झालं असं समजून. साम्बातही तसं वागणारा एक पर्याय आहे, "रीसेट ऑन झीरो व्हीसी". तो बंदच असतो, आणि चालू केला तर नॅटमागच्या इतरांच्या जोडण्या तुटतील, असा इशारा त्याच्या मॅन्युअलमध्येच दिला आहे. एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मात्र तो लागूच होत नाही.

बदल केल्यावर तपासणी स्वतः करा, ॲडमिनच्या "झालंय" वर थांबू नका. एका लॅपटॉपवर नवा युजर बनवा, त्याला मुद्दाम दुसऱ्या कुणाचा यूआयडी द्या, आणि त्या माणसाच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवून बघा. मग वायरगार्ड बंद करून राउटरमागून थेट माउंट करून बघा. दोन्ही वेळा नकार यायला हवा. आमच्याकडे पहिल्या फेरीत दुसरी चाचणी चक्क यशस्वी झाली, कारण जुनी ओळ फाइलमधून काढली होती, पण "एक्सपोर्टएफएस -आरए" चालवायचं राहिलं होतं.